मंडप आणि स्कूटर

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मोशेचा निवासमंडप, म्हणजे बायबलातलं इस्राएली लोकांचं तंबूतलं देवस्थान, आज सकाळी जेमतेम वीस मिनिटं टिकला.

पोराला घरीच शिकवतो, तेव्हा क्षेत्रफळ-परिमितीही बायबलातूनच काढायची हा माझा हट्ट. त्यातल्या निर्गम या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात मंडपाच्या अंगणाचं माप आयतंच आहे: लांबी 100 हात, रुंदी 50. एका हाताला 10 सेंटिमीटर धरले की 10 मीटर बाय 5 मीटर. सुतळी 30 मीटर, शिवाय गाठींपुरती थोडी. नायलॉनची दोरी नको, ती ताणते आणि परिमिती फुकटात वाढते. कोपऱ्यांना पाण्याने भरलेल्या बाटल्या. मग दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्हीकडे 11 मीटर 18 सेंटिमीटर आले तरच आयत, नाहीतर तिरकी खाट.

खांब 60, दर 50 सेंटिमीटरला एक. खांब म्हणजे बाटल्यांची झाकणं. पोराने लांबीला 21 आणि रुंदीला 11 धरून बेरीज केली 64. चारही कोपरे दोनदा मोजले होते! अशी चूक हाती लागायला नशीब लागतं. मी समजावायला वाकले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय करून राहिले जी?"

काका. अंगात बनियान, हातात दुधाची पिशवी.

"निवासमंडप, काका."

"मंडप? कोणाचं लग्न?"

"लग्न नाही हो. मोशेचा मंडप आहे."

"मोशे म्हणजे ते तिसऱ्या माळ्यावरचे भाडेकरू?"

"नाही, ते इजिप्तहून निघालेले."

"कुठूनही निघू द्या. पार्किंगमध्ये मंडप टाकाले मिटिंगचा ठराव लागते. अन् माझी स्कूटर कशी निघन?"

असं म्हणून त्यांनी दुधाची पिशवी पोराच्या हातात दिली, बाटल्या उचलल्या, एक लांब बाजू 2 मीटर आत सरकवली आणि ढिली पडलेली सुतळी दोन्ही टोकांना ओढून ताणली. अंगण झालं 12 बाय 3.

"पाहा, दोरी तोडली का मी? तितकीच आहे. तुमचं काय गेलं?"

14 चौरस मीटर गेले! 50 चे 36 झाले. हे मी बोलणार, तोच पोरगा ओरडला, "आई, दोरी तेवढीच, पण जागा कमी झाली!"

गेला आठवडाभर मी हेच आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून सांगत होते, तर हा खिडकीतून खार बघत होता.

"पोट्टं हुशार आहे," काका म्हणाले. "शाळेत काहून नाही टाकत?"

हा प्रश्न मला दूधवाला, पोस्टमन, नणंदेची जाऊ, सगळे विचारतात. पोरगा चुकला की घरी शिकवल्यामुळे चुकला, बरोबर आला की शाळेत टाका. आणि विचारणार कोण, तर बाल्कनीला ग्रिल लावून ती बेडरूममध्ये घेतलेला माणूस, ज्याला मेंटेनन्स भरताना मात्र क्षेत्रफळ जुनंच आठवतं.

बरं, स्कूटर केवढी? 2 मीटर बाय पाऊण मीटर, म्हणजे दीड चौरस मीटर. उरलेले साडेबारा कशाला हवे होते?

पोराच्या वहीत उत्तर आहे: परिमिती 30 मीटर, क्षेत्रफळ 36 मीटर. 'चौरस' लिहायचं राहिलंच.

मंडप गुंडाळला. झाकणं 59 सापडली. साठावं स्कूटरच्या मागच्या चाकाखाली आहे, आणि ती स्कूटर सकाळपासून जागची हललेली नाही.