चुन्याने हाड सांधत नाही

तासगावकडची माझी मामी द्राक्षबागेत घसरून पडली. मनगटाचं हाड मोडलं, मिरजेत प्लास्टर घातलं. आठवडा झाला नाही तोच तिचा हट्ट सुरू झाला: प्लास्टर कापा, मी चुना खाते. कारण गावच्या ग्रुपवरचा तो मेसेज. ‘गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज दह्यातून घ्या. मोडलेलं हाड जुळतं, मणक्यातली गॅप भरते, गुडघे बरे होतात, मुलांची उंची वाढते. सत्तर रोग जातात.’ वर्षानुवर्षं हेच फिरतंय आणि चांगली शिकलेली माणसंही पुढे ढकलतात.

हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम, हा समजच मुळात चुकीचा. अस्थी सावडायला गेलेल्यांना हे हाताने कळलेलं असतं. हाडाचा आकार तसाच दिसतो, पण चिमटीत दाबलं की भुगा होतो. त्यात कॅल्शियमचे क्षार शिल्लक असतात. जळून गेलेलं असतं ते कोलॅजेन, म्हणजे प्रथिनाचे चिवट तंतू. क्षारांमुळे हाड कडक होतं, तंतूंमुळे ताण सोसतं.

हाड मोडलं की आधी तिथे रक्त साकळतं. मग हाडावरच्या पातळ आवरणातल्या आणि आतल्या मगजातल्या पेशी दोन-तीन आठवड्यांत कूर्चेचा, म्हणजे रबरासारख्या लवचीक ऊतीचा, मऊ जोड तयार करतात. त्यात हळूहळू क्षार भरतात, आणि पुढे कित्येक महिने शरीर ते हाड झिजवत, भरत पुन्हा आकारात आणतं. लागणारं कॅल्शियम रक्तातून येतं, आणि रक्तातलं त्याचं प्रमाण शरीर फार काटेकोर सांभाळतं. गिळलेला चुना फटीत जाऊन बसत नाही! तो मऊ जोड हलत राहिला तर हाड वाकडं जुळतं, नाहीतर जुळतच नाही. प्लास्टर असतं ते यासाठी. मेसेजवर विसंबून ते आठवड्यात कापलं तर माणूस अधू होऊ शकतो.

चुन्यात कॅल्शियम असतं, एवढं खरं. पण हिशोब करा. गव्हाचा दाणा साधारण 40 मिलीग्रॅमचा. तेवढा अगदी कोरडा चुना धरला तरी त्यात कॅल्शियम वीस-बावीस मिलीग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये मोठ्या माणसासाठी रोज 1000 मिलीग्रॅमची शिफारस केली आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं. जावळी-पाटणच्या डोंगरात पिकणारी नाचणी सोडून पानाच्या डबीकडे कशाला जायचं?

मणक्यांमधली गादी आणि गुडघ्यातली कूर्चा मऊ असते, तिच्यात पाणी आणि तंतू असतात. तिथे कॅल्शियम साचणं हीच बिघाडाची खूण आहे. आणि उंची वाढते ती हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्टीतून. ती पट्टी बुजली की कशानेही वाढत नाही.

खरा राग येतो तो लहान मुलांना चुना द्या म्हणतात त्याचा. चुना तीव्र अल्कली आहे, तोंड आणि अन्ननलिका भाजू शकतो. प्लास्टिकची चुना-पुडी मुलाने दाबली की फुटून थेट डोळ्यात उडते, आणि त्यात मुलांची नजर गेल्याची उदाहरणं नेत्रतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. असं झालं तर डोळा चोळू नका, तूप-दूध घालू नका. पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याने अर्धा तास तरी सतत धुवा, दिसणारे कण काढा, आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.