माठवाले आप्पा

खान्देशात चांगुलपणा हंगामी असतो. हिवाळ्यात भरिताची वांगी, श्रावणात कानबाईचे रोट आणि उन्हाळ्यात पाणपोया. एप्रिल लागला की पारा चाळिशी ओलांडतो आणि माणसं एकमेकांना नमस्काराऐवजी तापमान सांगू लागतात. “आज ४५” असं सांगताना आवाजात जो अभिमान असतो, तो पोराला शंभर टक्के मिळाल्यावरही नसतो. भुसावळचा आकडा आपल्यापेक्षा जास्त निघाला की आमच्या अमळनेरात हळहळ व्यक्त होते.

अशा दिवसांत मी दाराबाहेर माठ ठेवला. लोक समजतात की मला तहानलेल्यांचा कळवळा आला. खरी गोष्ट अशी की घरात नवा माठ आला आणि जुन्याला जागा उरली नाही. बायको म्हणाली, “अहो, हा फेकून द्या, नाहीतर बाहेर ठेवा.” फेकायला उकिरड्यापर्यंत उन्हातून चालावं लागलं असतं. फाटकाशेजारचा लिंब त्या मानाने जवळ होता. मी लिंबाखाली तिवई मांडली, तिच्यावर माठ ठेवला, वर पाटाची फळी आणि फळीवर स्टीलचा पेला. माझं आयुष्य बदलणारा निर्णय मी आळसापोटी घेतला आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. अशा गोष्टी कोणी आधी सांगतही नाही.

पहिल्याच दिवशी पेला गेला. मी दुसरा ठेवला, तोही गेला. तिसऱ्याला भोक पाडून साखळीने लिंबाला बांधला, तर पाणी प्यायला थांबलेल्या एका गृहस्थांनी साखळी हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आम्हीन काय चोर दिसतस का?” मी म्हटलं, तसं नाही हो भाऊ. ते पाणी प्यायले, तोंड पुसलं, आणि साखळीचा अपमान गिळून निघून गेले. तेव्हापासून लांब दांड्याचं ओगराळं ठेवलं आहे. ते चोरीला जात नाही, कारण ते घरी नेलं तर बायका विचारतात, हे कुठून आणलं.

पेल्याचा प्रश्न सुटल्यावर पाण्याच्या दर्जाचा निघाला. फुकट पाणी पिणारा माणूस विकत घेणाऱ्यापेक्षा जास्त चोखंदळ असतो. “आप्पा, आज पानी जरासं कोमट लागस.” “आप्पा, थोडा वाळा टाकत जा ना, वास भारी येतो.” एक ताई तर म्हणाल्या, बोअरिंगचं दिसतंय, नळाचं भरत जा. नळाचं! आमच्या गल्लीत नळ येतो तेव्हा फक्त मी आणि कुत्री जागी असतात. घरातले हंडे, टाकी, बादल्या भरून झाल्यावर उरलेल्या धारेखाली मी माठासाठी कळशी धरून उभा, आणि आत बायको झोपेतच विचारते, “पुण्य भरलं का?”

कोमट पाण्याच्या तक्रारीत मात्र तथ्य होतं. माठ गार होतो तो त्याच्या अंगातून पाणी झिरपून उडून जातं म्हणून. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता सोबत घेऊन जातं. आमची हवा कोरडी ठणठणीत, त्यामुळे इथे माठ जे काम करतो ते मुंबईच्या दमट हवेत त्याला कधीच जमत नाही. तिथला माठ फक्त घाम गाळतो. पण जड पाण्यातले क्षार साचत गेले की भिंतीतली छिद्रं बुजतात आणि माठ नुसता मडकं होऊन बसतो. आमचा जुना माठ त्या वयाला पोचला होता. मी त्याला घासला, पाण्यात बुडवून ठेवला, ओलं गोणपाट गुंडाळलं, खाली ओली वाळू पसरली. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. शेवटी व्हायचं तेच झालं. नवा माठ बाहेर गेला, जुना स्वयंपाकघरात आला. आता येणारा-जाणारा गार पाणी पितो आणि घरधनी कोमट. पुण्याहून मुलगा आला होता. दोन घोट घेऊन त्याने तोंड वाकडं केलं, ओगराळं उचललं आणि पाणी प्यायला रस्त्यावर गेला.

माझी दुपारची झोप हा यातला सर्वांत मोठा बळी. खान्देशात उन्हाळ्यात दुपारी एक ते चार हा काळ संविधानाने नसला तरी परंपरेने झोपेसाठी राखीव आहे. पण नेमका डोळा लागतो तेव्हाच फाटकाची कडी वाजते आणि खणखणीत आवाज येतो, “आप्पाऽऽ, माठ रिता व्हयना!” बरं, हे ओरडणारा स्वतः पाणी पिऊन झालेला असतो. पुढच्याची काळजी म्हणून तो माझी झोप मोडतो. म्हणजे चांगुलपणा त्याचाही झाला, फक्त उठायचं मी.

माझं नावही गेलं. नोकरीत इतकी वर्षं सही करून कमावलेलं नाव. आता पोस्टमनपासून गॅसवाल्यापर्यंत सगळे “माठवाले आप्पा” म्हणतात. लग्नपत्रिकेवर तेच येतं. ज्यांची लग्नं, त्यांना मी ओळखत नाही. पण त्यांच्याकडचा कोणीतरी भर उन्हात पत्रिका वाटत हिंडताना इथे पाणी प्यायलेला असतो. आहेरात माझा किती खर्च झाला हे बायकोने मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारत नाही. भाजीवाली मावशी पाटी माझ्या ओट्यावर ठेवून विसावा घेते, जाताना दोन वांगी ठेवते. “मावशी, पैसे घ्या.” “पानीना पैसा लेतस का तुम्ही?” या प्रश्नाला उत्तर नाही. वांगी मात्र उत्तम असतात. त्याशिवाय शेजारच्या दोन घरांच्या किल्ल्या, कुणाचं औषध, कुणाचा शाळेतून सुटणारा नातू, हे सगळं माझ्या ओट्यावर येऊन थांबतं. माठाजवळचा माणूस घरीच असणार, ही गल्लीची ठाम समजूत.

मंगळवारी तर विचारू नका. इथलं मंगळग्रह मंदिर लांबवर माहीत आहे, आणि मंगळवारी बाहेरगावच्या गाड्या येतात. त्यांतल्या निम्म्या चुकून आमच्या गल्लीत शिरतात. पाणी पितात, रस्ता विचारतात, आणि मग गाडीतल्या काकू काच खाली करून विचारतात, “तुमचा मंगळ आहे का?” बायको आतून ऐकते. तिचं मत असं की आहे, आणि तो माठात आहे.

आखाजीला मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर खरबूज किंवा आंबा ठेवतात, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवतात. पोरीबाळी माहेरी येऊन झोके खेळतात, घरोघरी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. मी रस खाऊन आडवा झालो होतो. बाहेर काही वाजलं म्हणून पाहिलं तर एक म्हातारी माय आमच्या माठावर खरबूज ठेवत होती. सांजोरी ठेवली, हळदकुंकू लावलं, हात जोडले. मी घाईने बाहेर गेलो. म्हटलं, “माय, ही पितरांची घागर नाही, आमचा साधा माठ आहे.” तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “व्हई. पन कोन्ही ना कोन्ही पितर पेईनच ना.” संध्याकाळपर्यंत माठावर तीन खरबुजं जमली. माणूस जिवंत असताना त्याच्या दारात पितरांचं पान पडावं, हा मान माझ्याआधी गल्लीत कुणाला मिळालेला नाही. खरबुजं आम्ही खाल्ली. पितरांनी दावा लावला नाही.

पुढे आठवड्याभरात सखाराम महाराजांची यात्रा. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात दुकानं, पाळणे, मोहिनी एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. नदीला पाणी नसतं, माणसं असतात. त्या दिवसांत माठ भरणं म्हणजे मी आणि कळशी यांची स्वतंत्र वारी. आमचं गाव तसं असल्या गोष्टींसाठी प्रसिद्धच. साने गुरुजी १९२४ ते १९३० इथे शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे. त्यांची गोष्ट वेगळी. ते मनापासून करत. माझ्यासारख्याने, ज्याचा माठ जागेअभावी बाहेर गेला, त्याने काय करायचं? इथे १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिरही आहे. देऊळ नव्हे, तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था. गावचे गिरणीमालक प्रतापशेठ यांनी काढलेली. हेतू शुद्ध नसताना पाजलेल्या पाण्याचं पुण्य लागतं की नाही, यावर तिथे कधी चर्चा झाली असेल तर मला ऐकायची आहे. दुपारी एक ते चार सोडून.

निवडींचा विषय निघाला की अमळनेरकर एका जागी येऊन थांबतोच. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. ज्यांनी शेअर घेतले आणि विसरून ट्रंकेत ठेवले, त्यांची नातवंडं कोट्यधीश झाली. गावात अशी घरं आहेत. आमच्या आजोबांसमोरही हाच पेच होता म्हणतात: शेअर की म्हैस. आजोबांनी म्हैस घेतली. ती चांगलं दूध देत होती, असं वडील आम्हाला दर दिवाळीला सांगत. ज्यांनी शेअर ठेवले त्यांनाही तेव्हा काही दिसलं नव्हतं. फक्त ट्रंक उघडायचा कंटाळा आला असावा. आळसातून कुणाच्या घरी कोटी आले, आमच्या दारात माठ. ज्याचं त्याचं नशीब.

मधल्या काळात सासुरवाडीला नंदुरबारला जायचं होतं. सुरतेकडे जाणारी गाडी पकडायची म्हणून रिक्षा बोलावली. रिक्षावाल्याने बॅगा पाहिल्या आणि मीटर नसलेल्या रिक्षातही मीटर पडल्यासारखा चेहरा केला. “आप्पा, तुम्ही चालनात, मंग माठ कोन भरी?” मी म्हटलं, एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे. तो जागचा हलेना. शेवटी शेजारचे जिभाऊ बाहेर आले आणि म्हणाले, “मी भरतो. जा तुम्ही बिनघोर.”

मी बिनघोर गेलो. परत आलो तेव्हा माठाभोवती गर्दी होती. एवढी गर्दी मी असताना कधी नसे. मावशीला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “जिभाऊ बरफ टाकतस ना माठमा.” तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. रिक्षावाला म्हणाला, “भलतं गार पानी, आप्पा. तुम्हनं बी चांगलं ऱ्हास,” आणि ते ‘बी’ माझ्या काळजात जाऊन बसलं. ज्या माठापायी झोप गेली, नाव गेलं, घरात कोमट पाणी आलं, तो माठ जिभाऊंच्या नावावर जाणार या कल्पनेने मी रात्रभर तळमळलो. माठात बर्फ टाकणं शास्त्राला धरून नाही, हे मी सकाळी जिभाऊंना ५८० कॅलरींसकट समजावून सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे आप्पा, पण लोकांना गार लागतं. त्याच दुपारी मी वाळा आणला. मोगऱ्याची फुलंही टाकली. बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. “अहो,” ती म्हणाली, “माझ्या माहेरच्यांनी मागितलं तेव्हा तुम्ही कधी मोगरा नाही आणलात.”

मग जून आला, ढग आले, पहिला पाऊस पडला. मी तिवई पुसली, ओगराळं आत घेतलं आणि दुपारी जेवून निर्धास्त आडवा झालो. कडी वाजली. बाहेर मावशी, रिक्षावाला, पोस्टमन, जिभाऊ आणि मला न ओळखता येणारी चार-पाच माणसं. मध्ये हातगाडीवर दोन कोरे करकरीत माठ, नक्षीचे, एकाला तोटी असलेले. वर्गणी काढली होती म्हणे. पत्रिका वाटणाऱ्या घरांनीही दिली. मला बोलवेना. जिभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “एक पुरत नव्हता ना, आप्पा. पुढल्या साली तिन्ही मांडू.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायको मागून पुढे झाली. हातगाडीभोवती फिरली, दोन्ही माठ बोटाने वाजवून पाहिले आणि तोटीवाल्याकडे बोट दाखवलं.

“हा घरात,” ती म्हणाली. “बाकीच्यांचं तुम्ही बघा.”