दंड आणि जळफळाट: एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: युरोपीय आयोग, म्हणजे युरोपीय संघाची कार्यकारी यंत्रणा, अमेरिकी टेक कंपन्यांना जे दंड ठोठावतो ते निव्वळ राजकारण आहे, 'युरोपला स्वतःची गुगल उभी करता आली नाही म्हणून हा जळफळाट', घरच्या कंपन्यांना सोडलं जातं, रकमा मनाला येतील तशा ठरतात, चीनही तेच करतो, आणि या दंडांवरचा माझा लेख म्हणजे 'ब्रुसेल्सच्या प्रसिद्धिपत्रकाचा अनुवाद'.

आधी या शेवटच्या वाक्याबद्दल. मतभेद जरूर असू द्या. पण ज्याने आयोगाचे निर्णय आणि न्यायालयांचे निकाल बसून वाचले, त्याला अनुवादक म्हणून मोकळं व्हायचं ही कुठली रीत? वर 'कधी कंपनीत नोकरी केली असती तर असं लिहिलं नसतं' हा शेराही आहेच. नोकरी केली आहे, साहेब. एका परदेशी सॉफ्टवेअर कंपनीच्या विक्री विभागात कितीतरी वर्षं काढली आहेत. वितरकांच्या करारांचे मसुदे माझ्या टेबलावरून जायचे. त्यात एक कलम ठरलेलं असे: वर्षभरात प्रतिस्पर्ध्याचा माल ठेवला, तर वर्षअखेरची सगळी सवलत रद्द. वितरक ते कलम दोनदा वाचायचा, काही न बोलता सही करायचा. त्याला दुसरा पर्यायच नसायचा. हे मी समोर बसून पाहिलेलं आहे, त्यामुळे मला बाजारपेठ शिकवू नका.

आता जळफळाट. तक्रार कुणी केली होती, हे एकदा तरी पाहिलंत का? मायक्रोसॉफ्टला २००४ मध्ये ४९.७ कोटी युरोंचा दंड झाला. त्या प्रकरणाची सुरुवात सन मायक्रोसिस्टिम्सच्या तक्रारीने झाली. इंटेलला २००९ मध्ये १०६ कोटी युरो दंड झाला, तक्रारदार तिची प्रतिस्पर्धी चिप कंपनी एएमडी. गुगलविरुद्ध २०११ मध्ये आयोगाकडे जाणाऱ्यांत खुद्द मायक्रोसॉफ्ट होती. या सगळ्या अमेरिकी कंपन्या. मग जळफळाट नेमका कुणाचा?

आणि घरच्यांना सोडलं म्हणता, तर २०१६ मध्ये ट्रक उत्पादकांनी संगनमताने किमती ठरवल्याबद्दल आयोगाने एकूण २९३ कोटी युरोंचा दंड केला. त्यात एकट्या डाइमलरच्या वाट्याला शंभर कोटींहून जास्त आले. २०२१ मध्ये बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन यांना मिळून ८७.५ कोटी. जर्मन कंपन्यांना दंड होतो तेव्हा तो कायदा, आणि कॅलिफोर्नियातल्या कंपनीला झाला की असूया?

अमेरिकेचंच बघा. गुगलच्या सर्च मक्तेदारीविरुद्धचा खटला ऑक्टोबर २०२० मध्ये ट्रम्प यांच्याच कारकिर्दीत तिथल्या न्याय विभागाने दाखल केला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायमूर्ती अमित मेहता यांनी ही मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवल्याचा निष्कर्ष दिला. त्यांनाही युरोपची असूया चावली होती का?

एक गोष्ट मात्र मान्य करतो. डिजिटल मार्केट्स ॲक्ट या बड्या टेक कंपन्यांसाठीच्या युरोपीय कायद्याखाली सप्टेंबर २०२३ मध्ये 'गेटकीपर', म्हणजे बाजाराचं दार ताब्यात असलेल्या कंपन्या म्हणून ज्या पहिल्या सहा कंपन्या जाहीर झाल्या, त्यांत एकही युरोपीय नव्हती. पाच अमेरिकी, एक चिनी. हे डोळ्यांत खुपतं, तुमचं बरोबर आहे. पण तो कायदा वेगळा. मी लिहीत होतो ते स्पर्धा कायद्याखालच्या दंडांबद्दल, आणि त्या दंडांना न्यायालयात आव्हान देता येतं. क्वालकॉमचा ९९.७ कोटींचा दंड २०२२ मध्ये युरोपच्याच न्यायालयाने रद्द केला. गुगलचा ॲडसेन्स या जाहिरात-सेवेच्या प्रकरणातला १४९ कोटींचा दंडही २०२४ मध्ये रद्द झाला. राजकीय सूड उगवायचा असता तर आपलंच न्यायालय आपल्याच आयोगाला असं तोंडघशी पाडतं का? गुगल शॉपिंग या किमतींची तुलना दाखवणाऱ्या सेवेबद्दलचा दंड मात्र सर्वोच्च पातळीवर टिकला, कारण पुरावा तसा होता: प्रतिस्पर्ध्यांच्या तुलना-सेवांपैकी जी सर्वात वर दिसायची, तीसुद्धा गुगलच्या शोध-निकालांत सरासरी चौथ्या पानावर. गुगलची स्वतःची सेवा पहिल्या पानाच्या माथ्यावर. चौथ्या पानापर्यंत तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?

रकमांचं म्हणाल तर आयोगाची २००६ ची मार्गदर्शक तत्त्वं सर्वांसाठी खुली आहेत आणि दंडाला जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. चीनबद्दलचा तुमचा परिच्छेद माझ्या लेखाच्या विषयाबाहेरचा, तो सोडून देतो.

एखाद्या निकालातला एखादा निष्कर्ष चुकीचा वाटत असेल तर नेमका तो दाखवा, त्यावर हवं तितकं बोलू. माझ्या हेतूंबद्दल पुन्हा काही लिहिलंत, तर उत्तर देणार नाही.