दोनशे पौंड आणि पाच हजार रुपये

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक व्हिडिओ फिरला. नव्या सुपर मार्केटात डिओ आणि चॉकलेट खिशात घालताना सापडलेला पोरगा कान धरून उठाबशा काढतोय. खाली वाद पेटला. बऱ्याच जणांचा सूर असा: भारतीय न्याय संहितेने चोरांचे लाड केलेत, ५,००० रुपयांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला तर शिक्षा फक्त समाजसेवेची. मग दुकानदाराने चार लगावल्या तर बिघडलं कुठे?

मी राहते इंग्लंडात, श्रॉपशायरमधल्या एका लहान गावात. इथेही असाच एक आकडा गाजला, २०० पौंडांचा. २०१४ च्या कायद्याने त्याखालची दुकानचोरी किरकोळ गुन्ह्यांत टाकली. चोरी माफ, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. पण फोन करून उपयोग नाही, हे दुकानदारांच्या मनात पक्कं बसलं, आणि चोरांच्याही. मार्च २०२५ पर्यंतच्या वर्षात इंग्लंड-वेल्समध्ये लहानमोठ्या मिळून ५ लाख ३० हजारांवर दुकानचोऱ्या पोलिसांकडे नोंदल्या गेल्या.

कोपऱ्यावरच्या दुकानात चीज आता कुलूपबंद डब्यांत ठेवतात. मागच्या महिन्यात माझ्यासमोर एकाने मटणाची पाकिटं जाकिटात कोंबली आणि सावकाश बाहेर पडला. गल्ल्यावरच्या बाई जागच्या हलल्या नाहीत. अडवायचं नाही, अशी सूचनाच आहे त्यांना. त्यांनी ड्रॉवरमधून वही काढून वेळ लिहिली, किंमत लिहिली. हात थरथरत होते. पोलिसांना कळवणार का, विचारलं, तर त्यांनी मागची भरलेली पानं उलटून दाखवली.

शिक्षा सौम्य म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. कुणी येत नाही म्हणून झालं. आपल्याकडेही ५,००० च्या आतली चोरी आता अदखलपात्र आहे. एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, लिहून घेतली की न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास नाही. ग्रुपवरच्या मंडळींनी भांडावं ते यावर. चापट्यांचा रस्ता कुठे जातो ते धुळ्याच्या राईनपाड्यात दिसलंय: १ जुलै २०१८, मुलं पळवणारे समजून डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठेचून मारली.

आणि हा पोरगा अठराच्या आतला असेल, तर या संहितेतली शिक्षा नाही, बाल न्याय कायदा लागतो. त्याची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. मला तो नववी-दहावीतला वाटतो. चेहरा स्पष्ट दिसतोय. व्हिडिओ काढा, असं काल ॲडमिनना लिहिलं. अजून तिथेच आहे.