प्लायचे तुकडे बंबात घालू नका

थंडी पडली की दरवर्षी एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो सात जणांनी पाठवला, त्यात सख्खी बहीणही आली. मजकूर थोडक्यात असा: गिझर बंद करा, आजीचा तांब्याचा, लाकडावर पाणी तापवणारा बंब माळ्यावरून काढा. सुताराकडून तुकडे फुकट आणा, लाकूड ते लाकूडच. ओलं सरपण घाला, ते जास्त वेळ टिकतं. लाकडाचा धूर नैसर्गिक, त्यानं काही होत नाही, उलट डास पळतात. राख भांड्यांना नि झाडांना वापरा. झाड पुन्हा उगवतं, म्हणजे प्रदूषण शून्य. आणि बंब न्हाणीघरातच पेटवा, आयती ऊब मिळते.

माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे, म्हणजे त्या मेसेजमधला सुतार मीच. आमच्या मागच्या अंगणात बंब अजून पेटतो, त्यामुळे बंबाशी माझं वैर नाही. पैसे वाचतात हेही खरं. वीस लिटरची बादली 20 अंशांवरून 50 अंशांवर न्यायला साधारण 0.7 युनिट वीज लागते. रोज चार बादल्या धरल्या तर महिन्याला 85 युनिटच्या आसपास. एवढी बचत कुणालाही हवीच असते, म्हणून तर बाकीचं सगळं लोक डोळे मिटून मान्य करतात.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. बंद न्हाणीघरात बंब किंवा शेगडी कधीही पेटवू नका. धूर संपून नुसते लाल निखारे उरले की आपल्याला वाटतं, आता काळजी नाही. पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतं. डोकं जड होतं, गुंगी येते, आणि दाराची कडी काढायचंही त्राण उरत नाही. बंब उघड्यावर ठेवा, पाणी बादलीनं आत न्या.

आता ‘लाकूड ते लाकूडच’. डिसेंबरात शेजारच्या काकू पोतं घेऊन आल्या. म्हणाल्या, “अरे, कोपऱ्यातला ढीग तर टाकायचाच आहे ना तुला? मी नेते.” त्या ढिगात सागाच्या ढलप्या होत्या, रंध्याखालचे छिलके होते, आणि निम्म्याहून जास्त प्लाय, एमडीएफ नि सनमायकाच्या पट्ट्या होत्या. मी प्लायचा एक तुकडा त्यांच्यासमोर पेटवला. कडेचे थर सुटून फुलले, मधून बुडबुडे आले, आणि काही क्षणांत दोघांच्याही डोळ्यांतून पाणी. साग जळताना असं होत नाही.

कारण प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे रासायनिक डिंक. साध्या प्लायमध्ये ते यूरिया फॉर्मल्डिहाइडचं असतं, पाण्याला टिकणाऱ्या प्लायमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइडचं. एमडीएफ तर भुशासारखा बारीक तंतू रेझिनमध्ये दाबूनच होतो. सनमायका म्हणजे रेझिनमध्ये भिजवून दाबलेला कागद. ही रेझिनं जळताना फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, आणि त्यानं माणसाला कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 सालीच नक्की केलंय. कडेला लावलेली एजबँडची पट्टी बहुतेक वेळा पीव्हीसीची असते. ती जळली की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, आणि डायऑक्सिन नावाची जहाल विषारी रसायनंही तयार होतात.

जुन्या वाड्याची दारं-खिडक्या फोडून जाळणाऱ्यांनी जास्तच जपावं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आली ती 2016 च्या नियमांनी. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या थरांमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी. शिसं जळून नाहीसं होत नाही. थोडं धुरात जातं, बाकीचं राखेत बसतं. आणि मेसेज म्हणतो, त्याच राखेनं भांडी घासा! पोरांच्या ताटाला ती राख लागू देऊ नका.

साध्या लाकडाची राख मात्र चांगली, तिच्यात पोटॅश आणि चुना असतो. कोकणातल्या आम्लधर्मी तांबड्या मातीला ती मानवते. देशावरची काळी जमीन मुळातच अल्कधर्मी, तिथे राखेचे ढीग ओतून फायदा नाही.

ओलं सरपण ‘टिकतं’ म्हणजे नीट जळत नाही, एवढंच. नुकत्या तोडलेल्या किलोभर लाकडात अर्ध्या किलोच्या आसपास पाणी असू शकतं. ते उडवण्यात उष्णता जाते, आगीचं तापमान उतरतं, आणि लाकडातून सुटणारे वायू पेट न घेताच नळीतून वर जातात. लाकडाची बरीचशी उष्णता त्या वायूंच्या जळण्यातच असते, म्हणजे तुम्हाला दिसतो तो धूर हे न जळलेलं सरपण आहे. दोन फाटी एकमेकांवर आपटून बघा. वाळलेली टणटण वाजतात, ओली बद्द वाजतात. पावसाआधी फोडून आडोशाला रचलेली लाकडं निम्म्या त्रासात पाणी तापवतात.

धूर नैसर्गिक आहे, मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये घरातल्या चुलींच्या, इंधनाच्या धुरानं जगभरात 32 लाख माणसं दगावली. ज्या बायकांनी जन्मभर चूल फुंकली, त्यांचा खोकला आपण घरोघरी ऐकलाय. मुंबईत कितीतरी बेकऱ्यांच्या भट्ट्या जुन्या फर्निचरच्या लाकडावर चालत. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयानं लाकूड-कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितलं, ते हवेपायीच. डास पळत असतीलही, पण त्याच धुरात आजोबा बसलेले असतात.

राहिला ‘प्रदूषण शून्य’चा हिशोब. झाड तासाभरात जळतं आणि वाढायला वीस-पंचवीस वर्षं घेतं, मधल्या काळातला कार्बन हवेतच असतो. काजळीचा त्या हिशोबात समावेशच नाही. आणि प्लायमधलं रेझिन मुख्यतः नैसर्गिक वायू नि खनिज तेलापासून बनतं, ते कुठल्या झाडावर पुन्हा उगवणार?

काकूंना मी त्या दिवशी साग नि बाभळीच्या ढलप्या वेगळ्या काढून दिल्या. पोतं अर्धंच भरलं. आता दुकानात दोन पोती असतात, आणि प्लायच्या पोत्याचं तोंड मी सुतळीनं शिवून ठेवतो.