विलंबितात शत्रू का आले नाहीत

नमस्कार. गाणं लावलं की त्याच्या ठोक्यांवर शत्रू सोडणाऱ्या माझ्या गेमबद्दलची तुमची प्रतिक्रिया वाचली, तुम्ही केलेला प्रयोग मीही करून पाहिला, म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

तुमचे मुद्दे दोन. गाण्यावरून लेव्हल बनते हा नुसता दावा आहे, रँडम आकड्यांनी शत्रू सोडले तरी कुणाला फरक कळणार नाही, हा पहिला. दुसरा असा, की ख्यालाचं रेकॉर्डिंग लावलंत तेव्हा पहिली दहा मिनिटं, म्हणजे संथ लयीचं विलंबित चालू असताना, पडदा रिकामा राहिला आणि जलद लयीचं द्रुत सुरू होताच शत्रूंची झुंबड उडाली. दुसरा मुद्दा पूर्ण बरोबर आहे. पहिला मला मान्य नाही. चूक माझी आहे, म्हणून सुरुवात दुसऱ्यापासून करतो.

डिजिटल गाण्यात सेकंदाला सहसा आवाजाचे 44,100 नमुने असतात. मी त्यांचे 1024 नमुन्यांचे तुकडे पाडतो, म्हणजे एक तुकडा साधारण 23 मिलिसेकंदांचा. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे ते काढायचं, आधीच्या तुकड्याशी ताडायचं आणि जिथे जोर वाढला तेवढीच वाढ मोजायची. ही वाढ एका कट-ऑफच्या वर गेली की तिथे आघात आहे असं धरून शत्रू सोडायचा. मी हा कट-ऑफ अख्ख्या गाण्याच्या सरासरीवरून काढत होतो. तीन-चार मिनिटांच्या नाचाच्या गाण्यात ते खपून जातं, कारण त्याचा जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असतो. ख्यालात द्रुताच्या ताना आणि तबल्याची घाई सरासरी इतकी वर नेतात, की विलंबिताचा एकही ठोका कट-ऑफ ओलांडत नाही. आता कट-ऑफ आसपासच्या काही सेकंदांवरूनच निघतो.

पण एवढ्याने भागलं नाही. शत्रू येऊ लागले, तरी तबल्याचे कितीतरी बोल निसटतच होते. यात मी दोन रात्री अडकलो होतो, आणि कारण सापडलं तेव्हा फार आनंद झाला. ड्रमसेटचा ठोका हा मुख्यतः गोंगाट असतो, तो सगळ्या कंपनसंख्यांवर एकदम पसरतो, म्हणून पटकन सापडतो. तबला मात्र सुरात बोलतो. पुडीवरच्या काळ्या शाईमुळे त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत बसतात, हे भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं होतं. त्यात तबला सहसा गायकाच्या षड्जाला लावलेला, आणि तंबोराही तोच षड्ज अखंड धरून असतो. म्हणजे ठोक्याचा जोर नेमका तिथे पडतो, जिथे आधीच भरपूर आवाज आहे. कान त्याला सुरेल म्हणतो, माझ्या कोडला तो दिसतच नाही. म्हणून आता वरच्या कंपनसंख्यांच्या पट्ट्या वेगळ्या तपासतो. बोट चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, पडतं त्या क्षणीची खणखण तिथे स्वच्छ दिसते.

आता रँडमचं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे मी एकाच गाण्यात शत्रूंची संख्या तीच ठेवली आणि फक्त वेळा विस्कटल्या. फरक कळतो, आणि तो डोळ्याआधी हाताला कळतो. शत्रूला पडद्याच्या वरून माऱ्याच्या टप्प्यात यायला दोन सेकंद लागतात. म्हणून गाणं आधीच वाचून तो ठोक्याच्या दोन सेकंद अगोदर सोडावा लागतो. तरच तो ठोक्यावर पोचतो आणि बोट तालातच बटण दाबतं. वेळा विस्कटल्या की हे सगळं डोळ्यांवर येऊन पडतं. शिवाय तेच गाणं लावलं की तीच लेव्हल मिळते, त्यामुळे गाणं पाठ असलेल्याला पुढचं वळण माहीत असतं. 1999 च्या ‘व्हिब-रिबन’ या गेमने स्वतःची सीडी घालून खेळायची सोय दिली होती, 2008 च्या ‘ऑडिओसर्फ’ने गाण्याचा रस्ताच केला. त्यांची गंमत मला याच ओळखीत वाटते. आपल्या आवडत्या गाण्याच्या आत शिरून त्यावरून चालायला मिळतं.

राहिली सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. आधी मी सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागी मोठा शत्रू ठेवत होतो. ख्यालात हे साफ चुकतं, कारण सम कधी अगदी हलकेच घेतली जाते. ती आवाजावरून ठरत नाही, ठेक्यावरून कळते. शिवाय माझा कोड मिनिटाला 60 ते 180 ठोके शोधतो, आणि अतिविलंबितात एक मात्रा चार सेकंदांची असू शकते, म्हणजे मिनिटाला 15. तशा एकतालाचं 12 मात्रांचं आवर्तन 48 सेकंदांचं होतं. हे कोडने अंदाजाने ठरवावं असं मला वाटत नाही. ऐकणाऱ्याला ते माहीत असतं, म्हणून त्यालाच विचारायचं ठरवलं.

नव्या आवृत्तीत लागोपाठच्या दोन समांवर स्पेसबार दाबायचा. त्यावरून आवर्तन कळतं, आणि पुढचा मोठा शत्रू समेवर पोचेल असा निघतो. लय वाढत जाते तसं गणित सरकतं, तेव्हा पुन्हा एकदा समेवर खूण करायची. आवृत्ती आज रात्री टाकतोय. तेच रेकॉर्डिंग लावून बघा आणि पहिला मोठा शत्रू समेवर आला की मात्राभर मागे राहिला, ते इथेच कळवा.