तुमच्या एक ताऱ्याच्या अभिप्रायाला वायनरीकडून उत्तर

नमस्कार,

वाइन आंबट, बाटलीच्या तळाशी काचेचा चुरा, बाग म्हणून दाखवल्या त्या बर्फातल्या वाळक्या काड्या आणि त्यासाठी बाहेर पाऊण तास ताटकळणं, असं तुम्ही लिहिलंय.

ताटकळण्याची चूक सरळसरळ आमची. एकाच वेळेला दोन गटांचं बुकिंग घेतलं गेलं. निदान तुम्हाला आत शेगडीजवळ बसवायचं तरी सुचायला हवं होतं, तेही सुचलं नाही. माफ करा. टेस्टिंगचे पैसे परत पाठवतोय.

काचेचं मात्र तसं नाही. ते टार्टरेटचे खडे आहेत. द्राक्षातलं टार्टरिक आम्ल आणि पोटॅशियम थंडीत एकत्र येऊन तळाशी बसतं. थोडे खडे वाटीत घेऊन त्यावर गरम पाणी ओता, विरघळतील. काच विरघळत नाही. बाटलीत भरण्याआधी वाइन बरेच दिवस गोठणबिंदूच्या आसपास ठेवली की हे खडे टाकीतच उरतात. या रेड वाइनला आम्ही तेवढं थंड करत नाही, पण तसं लेबलवर छापायला हवं होतं. पुढच्या खेपेपासून छापू.

आंबटपणाबद्दल तुमची जीभ खोटं बोलत नाही. तुम्ही प्यायलात ती मार्केट (Marquette) नावाच्या द्राक्षजातीची वाइन. ही जात मिनेसोटा विद्यापीठाने 2006 मध्ये कडाक्याच्या थंडीसाठी आणली. पिनो न्वार ही प्रसिद्ध फ्रेंच द्राक्षजात तिच्या आजोबांच्या पिढीतली. उष्ण भागात पिकता पिकता मण्यांमधलं मॅलिक आम्ल (कच्च्या सफरचंदात असतं ते) बरंचसं खर्च होतं, आमच्या गार रात्रींत ते टिकून राहतं. जिवाणूंकरवी त्यातलं बरंच आम्ही त्याहून सौम्य अशा लॅक्टिक आम्लात बदलून घेतो, तरी आंबटपणाची धार राहतेच. त्यात या जातीत टॅनिन (तुरटपणा देणारे घटक) कमी, म्हणून ती धार उघडी पडते. तुम्हाला कॅबर्ने द्राक्षाच्या वाइनसारखी जड, तुरट वाइन हवी होती. ती आमच्याकडे नाही, आणि हे ओतण्याआधीच सांगायला हवं होतं. (कॅबर्ने लावून पाहिली होती. दोनच हिवाळ्यांत थंडीने जमिनीपर्यंत जळाली.)

राहिल्या त्या काड्या. वाळक्या नव्हत्या हो! आमचा माणूस ब्लेडने काडीवरचा डोळा (जिथून कोंब फुटतो ती गाठ) कापून दाखवत होता, तुम्ही बहुधा तोवर वैतागला होतात. आत हिरवं दिसलं तर डोळा जिवंत, तपकिरी दिसलं तर मेलेला. एका डोळ्यात तीन कोंब दडलेले असतात. मधला मेला तर बाजूचा फुटतो, पण त्याला घड कमी लागतात. शंभरेक डोळे असे कापून बघितल्यावरच छाटणीत किती ठेवायचे ते ठरतं. मार्केटला तर हिवाळ्यापेक्षा वसंताची भीती जास्त. ती लवकर फुटते आणि मग एखाद्या रात्रीचं गोठलेलं दहिवर कोवळे कोंब काळे करून जातं.

बाटली अजून उरली असेल तर एक दिवस उभी ठेवा, हलक्या हाताने ओता आणि शेवटचा घोट तळाशीच राहू द्या.